आंबील आणि तारले पडद्यावर यायला हवेत : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

मुलांना चांगले खायला शिकवणारे पाककृती कार्यक्रम टीव्हीवर हवेत, असे मी लिहिले होते; त्यावर गोव्यातल्या डिचोलीहून तुम्ही पाठवलेली प्रतिक्रिया दोनदा वाचली. “मुलांना खायला आई-आजी शिकवतात, टीव्ही नव्हे. टीव्हीपुढे बसूनच ही मुले पाकिटातले खायला लागली आणि तुम्ही त्यालाच पोषणाचा गुरू करता. शिवाय तुमचा तो अभ्यास हॉलंडमधला, सफरचंद-काकडीचा, आमच्या घरी पेज आणि तारले (मासे),” असे तुमचे म्हणणे. त्यामागची कळकळ मला समजते. निष्कर्ष मात्र पटत नाही.

पाकिटाची चटक टीव्हीने लावली, हे तुम्हीच लिहिता. म्हणजे टीव्ही मुलांना खायला शिकवतो, यावर आपले एकमतच आहे! प्रश्न एवढाच की तिथे बोलतो कोण. जाहिरातीत वेफर्स खाणारा मुलगा हसरा, चपळ, मित्रांत लाडका. नाचणीच्या आंबिलीला, तांबड्या भाजीला, अळसांद्यांना (चवळीसारख्या कडधान्याला) तिथे कोणी वाली नाही. देशाच्या २०२० च्या अन्नसुरक्षा नियमांनी जास्त चरबी, मीठ, साखर असलेल्या पदार्थांची विक्री आणि जाहिरात शाळेत व फाटकापासून ५० मीटरपर्यंत बंद केली. घरातल्या टीव्हीला कसले आले फाटक?

आता तो अभ्यास. नेदरलँड्समधल्या पाच शाळांतल्या १० ते १२ वर्षांच्या १२५ मुलांना मुलांसाठीच्या पाककृती कार्यक्रमाचा दहा मिनिटांचा तुकडा दाखवला. काहींना पौष्टिक पदार्थांचा, काहींना तसे नसलेल्यांचा. मग खाऊ निवडायला सांगितला. पौष्टिक भाग पाहिलेल्यांनी पौष्टिक खाऊ निवडण्याची शक्यता २.७ पट जास्त निघाली. महिन्याभरानंतर ती मुले काय खात होती, हे यातून कळत नाही, आणि मीही तसा दावा केलेला नाही. मला त्यातली मोलाची वाटते ती वेगळीच गोष्ट : पाहून झाल्याबरोबर खाऊ समोर होता. इच्छा जागी झाली तेव्हाच हाताशी सफरचंद होते.

म्हणूनच तुमचा काकडीचा आक्षेप माझ्याच बाजूचा आहे. इथल्या मुलाला ब्रोकोली दाखवून काय मिळणार? म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात सहावीतली मुलगी तारले निवडताना दिसू दे. ताजे कसे ओळखायचे ते कोळीणबाईने तिला सांगू दे. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते, त्या दिवसांत पहिल्या पावसाचा तायकिळा (टाकळ्याची रानभाजी) कोवळा असतानाच कसा खुडायचा ते दाखवू दे. १०० ग्रॅम नाचणीत ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, तेवढ्याच दुधाच्या जवळजवळ तिप्पट. पण मुलाला आकडा नको, आपल्याच वयाच्या पोराने आंबील ढवळून मिटक्या मारत प्यायलेली दिसायला हवी. आणि त्याच दिवशी शाळेतल्या मध्यान्ह आहारात, स्वयंसाहाय्य गटाच्या बायकांनी तोच पदार्थ वाढायला हवा. हे दुसरे टोक जुळले नाही तर पहिल्यावरचा खर्च फुकट, असे मी स्पष्ट म्हणतो.

हे काही परदेशी खूळ नव्हे. १९७५-७६ साली आपल्याच देशात उपग्रहाच्या मदतीने सहा राज्यांतल्या सुमारे २४०० गावांत शेती, आरोग्य, पोषणाचे टीव्ही कार्यक्रम पोहोचवले होते. गोवा त्यात नव्हता. आज पणजीला दूरदर्शनचे केंद्र आहे, घरोघरी संच आहेत.

आजीला बाजूला सारा, असे मी कुठेही म्हटलेले नाही. उलट, तिसऱ्यांचे सुके किंवा खतखते रांधणारी आजीच मला त्या कार्यक्रमात हवी आहे, कारण कितीतरी घरांत आता ती मुलांजवळ राहत नाही.

जेवताना मोबाईल नको, हे मात्र तुमचे शंभर टक्के खरे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या शिफारशींनुसार दोन वर्षांखालच्या बाळाला पडदाच नको, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला एका तासाहून जास्त नको. मी बोलतो आहे ते त्याहून मोठ्या, सुरी-विळीजवळ वडीलधाऱ्यांसोबत उभे राहू शकणाऱ्या मुलांबद्दल. त्यांनी जेवणाआधी दहा मिनिटे पाहावे, मग टीव्ही बंद करून पानावर बसावे.