‘चित्रातल्या माणसासाठी कोण रडणार?’

मोठ्यांसाठी काढलेल्या अतिवास्तव अ‍ॅनिमेशनपटांबद्दल एक मत गेली कित्येक वर्षं फिरतंय. शब्द थोडेफार बदलतात, आशय तोच. अ‍ॅनिमेशन हे मुलांचं माध्यम. मोठ्यांसाठी म्हणून जे विचित्र, स्वप्नासारखे चित्रपट निघतात ते डोळे दिपवतात, डोक्याला कोडं घालतात, पण काळजाला हात घालत नाहीत. कारण तिथे खऱ्या माणसाचा चेहरा नाही, गोष्टीला आगापिछा नाही, सगळा वास्तवापासून पळ आहे. आणि जे काही आहे ते नट घेऊनही करता आलं असतं.

हे म्हणणारे बरेच जण चित्रपटांवर जीव लावणारे आहेत. म्हणून एकेक मुद्दा घेऊनच बोलायला हवं.

‘खरा चेहरा नाही, तर भावना कुठून येणार?’

१९४४ साली फ्रिट्झ हायडर आणि मारिआन सिमेल या मानसशास्त्रज्ञांनी एक अगदी छोटी फिल्म बनवली. तीत एक मोठा त्रिकोण, एक छोटा त्रिकोण, एक वर्तुळ आणि दार असलेली एक चौकट, एवढंच. आकार इकडून तिकडे सरकतात. ती ३४ विद्यार्थिनींना दाखवून काय दिसलं ते लिहायला सांगितलं. एक सोडून बाकी सगळ्यांनी सजीवांचीच गोष्ट लिहिली. मोठा त्रिकोण दांडगाई करतोय, वर्तुळ घाबरलंय, असं. चेहरा तर सोडाच, तिथे हातपायही नव्हते.

आता डॉन हर्ट्झफेल्ट यांचा ‘इट्स सच अ ब्युटिफुल डे’ (२०१२) घ्या. नायक बिल म्हणजे चार रेघा आणि डोक्यावर टोपी. चित्रपट जेमतेम ६२ मिनिटांचा, जुन्या ३५ मिमी अ‍ॅनिमेशन कॅमेऱ्यावर चित्रित केलेला. बिलला मेंदूचा आजार आहे आणि त्याची आठवण विरत चाललीय. एका ठिकाणी निवेदक सांगतो की बिल फिरायला निघाला. बिल जातो, परत येतो. निवेदक पुन्हा सांगतो की बिल फिरायला निघाला. तोच रस्ता, तीच वळणं. मग पुन्हा एकदा. बिलसाठी प्रत्येक वेळ पहिलीच असते. पाहणाऱ्याला मात्र आधीची प्रत्येक फेरी आठवत असते आणि ते ओझं आपल्याला एकट्यालाच वाहावं लागतं. घरात विस्मरण झालेल्या माणसाची सेवा ज्यांनी केली आहे, त्यांना ही जागा वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

आणि शेवट. बिल जाणार हे स्पष्ट होतं, तेव्हा इतका वेळ कोरड्या आवाजात बोलणारा निवेदक एकदम हट्टाला पेटतो. नाही, तो मरत नाही म्हणतो. त्याला उठवतो, जग हिंडवतो, युगानुयुगं जगवतो, तारे विझेपर्यंत. हे खरं नाही हे आपल्याला कळत असतं आणि तो असं का बोलतोय हेही कळत असतं. आपल्या माणसाच्या उशाशी बसलेलं मन अगदी असंच बोलतं. नामवंत नटाचा चेहरा तिथे असता तर आपण त्याचं दुःख पाहिलं असतं. चार रेघांत दुसऱ्या कुणाचं दुःख मावत नाही, म्हणून आपलं शिरतं.

‘गोष्टच कळत नाही, तर मन हलणार कसं?’

माझं सगळ्यात जास्त भांडण या मुद्द्याशी आहे, कारण हा वरकरणी पटतो.

युरी नॉर्श्टाइन यांची ‘टेल ऑफ टेल्स’ (१९७९) ही सोव्हिएत फिल्म २९ मिनिटांची आहे. काचेच्या अनेक थरांवर कापलेल्या चित्रांचे तुकडे मांडून ती केली. चित्रं त्यांच्या पत्नी फ्रान्चेस्का यार्बुसोवा यांची. सरळ कथानक नाहीच. रशियन अंगाईगीतात बाळाला दटावतात की कडेला झोपू नकोस, छोटा राखाडी लांडगा येऊन तुझी कूस धरेल. तो लांडगा इथे एका ओस पडलेल्या घरापाशी राहतो, शेकोटीत बटाटे भाजतो. मधेच समुद्रकाठचं एक उजळ घर येतं, मधेच बर्फ. नॉर्श्टाइन यांचा जन्म १९४१ चा, म्हणजे हिटलरने रशियावर चाल केली त्याच वर्षाचा. बालपण मॉस्कोच्या मारिना रोश्चा वस्तीत गेलं.

आता यातला एकच प्रसंग नीट पाहू. रस्त्याच्या दिव्याखाली जोडपी नाचताहेत. युद्धाआधी तिकडे लोकप्रिय असलेला एक टँगो, म्हणजे जोडीनं नाचायची धून, वाजतोय. मधेच तबकडी अडखळावी तसा सुरांना झटका बसतो आणि एका जोडप्यातला पुरुष नाहीसा होतो. बाई मात्र त्याच पवित्र्यात, हात तसेच वर धरून, राहते. पुन्हा झटका, आणखी एक पुरुष गेला. असं करत करत शेवटी बायकाच उरतात. गेलेले पुरुष सैनिकी अंगरख्यांत पाठमोरे अंधारात चालताना दिसतात. मग त्रिकोणी घडीची पत्रं वाऱ्यावर उडत येतात. युद्धकाळात रशियन सैनिकांची पत्रं पाकिटाविना, अशी त्रिकोणी घडी घालूनच घरी येत.

ना बंदूक, ना प्रेत, ना कुणी मोठ्याने केलेला आक्रोश. एकाही बाईचं नाव आपल्याला माहीत नसतं. तरी या प्रसंगाला छाती दडपते. का? नवरा आघाडीवर गेलेल्या बाईचा अनुभव नेमका एवढाच असतो म्हणून. तिने रणांगण पाहिलेलं नसतं. तिला दिसलेली असते ती फक्त शेजारची रिकामी झालेली जागा. युद्धपट दोन तास तोफा डागूनही बहुतेकदा तिच्यापर्यंत पोचत नाही, कारण त्याला रणांगणाची गोष्ट सांगायची असते. इथे गोष्ट बाजूला ठेवली, म्हणून ती रिकामी जागा दिसली.

आक्षेप घेणाऱ्यांचं एक खरं आहे. काही अतिवास्तव चित्रपट सपक असतात. भिंती वितळतात, माणसांचे मासे होतात आणि कशानेच कुणाचं काही बिघडत नाही. तिथे वैतागणं रास्त आहे. पण नॉर्श्टाइन यांच्या त्या पुरुषांचं नाहीसं होणं तसं नाही. प्रत्येक झटक्याची किंमत कुणीतरी मोजतंय.

‘विचित्रपणा म्हणजे वास्तवापासून पळ’

आरी फोल्मन यांचा ‘वॉल्ट्झ विथ बशीर’ (२००८) हा अ‍ॅनिमेशनमधला माहितीपट आहे. फोल्मन १९८२ च्या लेबनॉन युद्धात इस्रायली सैन्यात होते आणि त्या दिवसांची आठवणच त्यांच्या मनातून पुसली गेली होती. चित्रपट सुरू होतो तो पिवळसर आकाशाखाली पिसाळल्यासारख्या धावणाऱ्या २६ कुत्र्यांपासून. हे त्यांच्या एका मित्राचं रोजचं स्वप्न. बरोबर २६, कारण माणसावर गोळी झाडणं त्याला जमेना म्हणून रात्री गावात शिरताना भुंकणारी कुत्री मारायचं काम त्याला दिलं होतं. तेवढी त्याने मारली होती.

फोल्मन यांना आठवतं ते एकच दृश्य. ते आणि सोबती बैरूतच्या समुद्रातून उघडेच बाहेर येताहेत, आकाशात प्रकाशगोळे तरंगताहेत. हे असं घडलंच नसावं अशी शंका चित्रपट स्वतःच घेतो. तरीही ते दृश्य पुन:पुन्हा येतं, आणि खऱ्या आठवणींच्याच रेषेत, त्याच रंगांत येतं. कॅमेऱ्याने टिपलेल्या माहितीपटात साक्ष वेगळी दिसते आणि स्वप्न वेगळं दिसतं. इथे दोन्ही एकाच हाताची, म्हणून त्या सैनिकासारखाच प्रेक्षकही दोन्हींत फरक करू शकत नाही. ते प्रकाशगोळे मात्र खरे निघतात. बैरूतमधल्या साब्रा आणि शातिला या निर्वासितांच्या छावण्यांत फालांजिस्ट, म्हणजे लेबनॉनमधल्या ख्रिस्ती सशस्त्र गटाच्या, टोळ्या पॅलेस्टिनी लोकांची कत्तल करत असताना इस्रायली सैन्य वरून उजेड पाडत होतं.

शेवटी अ‍ॅनिमेशन थांबतं आणि त्या छावणीतल्या बायकांच्या आकांताचं खरं चित्रीकरण येतं. यावर हमखास ऐकू येतं की अखेर खऱ्या चित्रणाचाच आधार घ्यावा लागला ना? माझं म्हणणं उलट आहे. तशी चित्रणं आपण बातम्यांत पाहतो आणि जेवत राहतो. दीड तास एका माणसाच्या दडपलेल्या मनातून वाट काढत आल्यावर तीच दृश्यं बातमी राहत नाहीत.

‘हे नट घेऊनही जमलं असतं’

चार्ली कॉफमन आणि ड्यूक जॉन्सन यांचा ‘अ‍ॅनोमलिसा’ (२०१५) बाहुल्यांवर, स्टॉप-मोशनने, म्हणजे बाहुली किंचित हलवून एकेक फोटो घेत केलेला आहे. मायकल स्टोन व्याख्यानासाठी सिनसिनाटीच्या एका हॉटेलात उतरतो. त्याला बायको, मुलगा, टॅक्सीवाला, वेटर सगळ्यांचा चेहरा एकच दिसतो आणि आवाजही एकच ऐकू येतो. ते सगळे आवाज टॉम नूनन या एकाच नटाचे. मग लिसा भेटते, तिचा आवाज वेगळा. मायकल तिच्यासाठी वेडा होतो. सकाळी नाश्त्याच्या टेबलावर ती तोंडात घास असताना बोलते, काटा दातांवर आपटतो, त्याला ते खटकतं आणि हळूहळू तिच्या आवाजाखालून तो दुसरा आवाज उमटू लागतो. प्रेम सरतं ते आपण कानांनी ऐकतो, लिसाला मात्र काहीच माहीत नसतं.

खऱ्या माणसांवर एकच चेहरा चिकटवला असता तर पहिल्या मिनिटाला ती करामत म्हणून दिसली असती. बाहुल्या एका साच्यातल्या असतात हे आपण गृहीतच धरतो, त्यामुळे सुरुवातीला काही जाणवत नाही, नुसता एक शीण येतो, आणि तो मायकलचाच असतो. बाहुल्यांच्या चेहऱ्यांवरच्या जोडाच्या रेघा एरवी संगणकावर पुसतात. त्या इथे मुद्दाम ठेवल्या आहेत.

‘शेवटी हे मुलांचंच माध्यम’

आपल्याकडे तरी असं म्हणू नये. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाचे चित्रकथी एकेक चित्र पुढे करत रामायण-महाभारत गाऊन सांगत आले, ते सगळ्या गावासमोर. आणि मुंबईत, जे. जे. मधून शिकलेल्या गीतांजली राव यांनी ‘प्रिंटेड रेनबो’ (२००६) ही पंधरा मिनिटांची फिल्म जवळपास एकहाती रंगवली. एक एकटी म्हातारी, तिची मांजर, राखाडी शहर आणि काड्यापेट्यांचा संग्रह. पेट्यांवरच्या छापील चित्रांत ती शिरते आणि तेवढ्यापुरतं तिचं जग रंगीत होतं. कान महोत्सवाच्या क्रिटिक्स वीकमध्ये तिला तीन पुरस्कार मिळाले. आपल्याकडे मात्र ती फिल्म पाहिलेला माणूस अजूनही शोधावा लागतो.