निर्माल्य दिसतं, फ्लश दिसत नाही

पुण्यात विसर्जन झालं की आमच्या फॅमिली ग्रुपवर तोच वाद पेटतो. काका म्हणतात लोकांना अक्कलच नाही, निर्माल्य प्लास्टिकच्या पिशवीसकट पुलावरून भिरकावतात, मावसभाऊ म्हणतो महापालिका झोपलीय, आणि मग कुणीतरी युरोपातल्या ऱ्हाईन नदीचा फोटो टाकतं, बघा तिकडची लोकं.

तिकडची लोकं काही संत नाहीत हो. मी ऱ्हाईनकाठीच, स्वित्झर्लंडमधल्या बासेलमध्ये राहतो. उन्हाळ्यात शनिवारी रात्री काठावर बिअरच्या बाटल्या आणि पिझ्झाच्या खोक्यांचा खच पडतो, सकाळी सफाईवाले उचलतात म्हणून फोटो चकाचक. पण ऑफिस सुटलं की हीच माणसं कपडे, चपला, मोबाइल सगळं माशाच्या आकाराच्या वॉटरप्रूफ पिशवीत कोंबून सरळ नदीत उतरतात आणि प्रवाहाबरोबर वाहत घराकडे निघतात. पोरंबाळं ज्या पाण्यात डुंबतात त्यात काय सोडलं जातंय याची चौकशी मग आपसूक होते.

आणि हे पूर्वापार नाही. 1 नोव्हेंबर 1986 ला शहराजवळच सांडोझ या केमिकल कंपनीच्या गोदामाला आग लागली, विझवायच्या पाण्याबरोबर कीटकनाशकं नदीत गेली, पाणी लाल झालं, ईल मासे ढिगाने मेले. लोक रस्त्यावर उतरले, पुढच्याच वर्षी ऱ्हाईनकाठच्या देशांनी मिळून कार्यक्रम आखला, नदीत सालमन मासा परत आणायचा असं ठरलं. आज सांडपाण्याची फी वेगळी लागते, कुरकुरत का होईना सगळे भरतात.

पुण्यात पुलांना जाळ्या लावल्या, निर्माल्य कलश ठेवले, चांगलंच आहे. पण मुळा-मुठेचा जीव घेतंय ते घरोघरचं सांडपाणी, आणि ते गणपतीपुरतं नाही, बारा महिने, अक्कलवाल्यांच्या फ्लॅटमधूनही जातं. जलपर्णी माजते ती त्याच्यावरच. पुढे सगळं भीमेतून उजनीत. आमच्या नात्यातल्या एका सोसायटीत बिल्डरने एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट, बांधून दिलाय, पण लाइट बिल परवडत नाही म्हणून त्याचा ब्लोअर (पाण्यात हवा सोडणारा पंखा) बहुतेक वेळ बंदच, अधिकारी येणार असतील तेव्हा चालू. सगळे शिकलेले, पर्यावरणावर तासभर बोलतील असे.

पुण्यातल्या नदीकाठ सुधारणा प्रकल्पावर भांडा, झाडं वाचवा, त्यात मीही तुमच्या बाजूने आहे. पण आधी महापालिकेने अचानक जाऊन एसटीपी तपासावेत आणि बंद सापडतील त्या सोसायट्यांची नावं वॉर्ड ऑफिसबाहेर लावावीत. मेंटेनन्स वाढेल, वाढू दे.