«डाय टेकवा, वर पाव फेरा द्या, की झालं»: होत नाही

अमेरिकेत रायफलची काडतुसं घरी पुन्हा भरणाऱ्यांमध्ये एक सल्ला सर्रास फिरतो: साइझिंग डाय (वापरलेली पुंगळी, म्हणजे काडतुसाचं पितळी कवच, दाबून मापात आणणारा प्रेसमधला साचा) शेल होल्डरला (पुंगळीचं बूड धरणारा भाग) टेकवा, वर आणखी पाव फेरा द्या, पुंगळीचा खांदा (मानेखालचा उतार) किती मागे गेला ते मोजू नका. गेजने बूड ते खांदा मोजलंच, तर .३०८ विंचेस्टर काडतुसाला १.६३० इंच आलं पाहिजे. (भारतात परवान्याशिवाय हा उद्योग गुन्हा आहे.)

पाव फेऱ्याचं आधी बघू. डायला इंचात १४ आटे, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ७१ थाऊ (१ थाऊ = ०.००१ इंच) आणि पाव फेऱ्याला १८. पण टेकल्यावर डाय पुढे जाणार कुठे? तो पाव फेरा प्रेसचा ताण काढण्यातच संपतो. खांदा किती दबणार हे तुमची डाय आणि होल्डर ठरवतात. तुमच्या रायफलचं चेंबर (काडतूस बसतं ती पोकळी) त्या हिशेबात येतच नाही. खांदा मागे जायला बोल्ट अॅक्शनला (हाताने बोल्ट ओढायची रायफल) १-२ थाऊ पुरतात, सेमी-ऑटोला ३-४. टेकवून ८ थाऊ गेले तरी काडतूस अगदी सहज आत जातं, आणि «आत जातंय ना?» म्हणणारा तिथेच फसतो. बार होताना पुंगळीची पातळ भिंत चेंबरला चिकटते, बूड मागे बोल्टवर (चेंबर मागून बंद करणारा भाग) आदळतं, आणि बुडाच्या जरा वर पितळ ताणलं जातं. बाहेर चकचकीत कडं दिसतं. टोक वाकवलेली तार आतून फिरवली तर खाच लागते. अशी पुंगळी पुन्हा भरू नका, बूड तुटून येतं.

१.६३० हे चेंबरचं किमान माप, गो गेजचं (या ठोकळ्यावर बोल्ट बंद व्हायलाच हवा). नो-गो, ज्यावर बोल्ट बंद होऊ नये, १.६३४. व्हर्निअरवरच्या बुशिंगची (खांद्यावर टेकणारं कडं) कड किंचित गोल असते, त्यामुळे त्याचा आकडा या मापाशी जुळेलच असं नाही. जुळवायचाही नाही. त्याच बुशिंगने आधीचा आणि नंतरचा आकडा घ्या. कामाचा तो फरकच.

वापरलेल्या पुंगळीचा प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी टिकली) आधी काढा, नाहीतर त्याची उचललेली कड माप वाढवते. पाच मोजा, सर्वांत मोठा आकडा धरा. पहिल्याच बारात पुंगळी चेंबरभर फुलतेच असं नाही. डाय उंच ठेवून सुरुवात करा. आकडा आधी २-३ थाऊ वाढेल: अंग दबलं की खांदा पुढे सरकतो. घाबरू नका, खाली घेत राहा. एक थाऊ म्हणजे फक्त ५ अंश. हवा तो फरक आला की पुंगळी आत, रॅम (पुंगळी वर ढकलणारा दांडा) वर, अशा स्थितीत चेकनट (डाय जागी पक्की करणारा नट) आवळा आणि पुन्हा मोजा, कारण आवळताना डाय हलते.

पुंगळ्यांमध्ये २ थाऊपेक्षा जास्त फरक पडला तर डायला हात लावू नका. वंगण कमीजास्त लागलंय किंवा पितळ कडक झालंय, अॅनीलिंग (तापवून मऊ करणं) करा. डाय होल्डरला टेकवूनच काम करायचं असेल आणि खांदा जास्त दबत असेल, तर रेडिंगचे २ ते १० थाऊ उंच होल्डर मिळतात.