प्रयोग रद्द झाला तरी चालेल

आमचा एक मित्र केमो घेतोय आणि नाटकाचे प्रयोगही करतोय. परवाच्या प्रयोगाला मी विंगेत होतो. दुसऱ्या अंकात वीज जाते आणि तो मेणबत्ती पेटवतो. पहिली काडी मोडली, दुसरी बोटांतून निसटली. प्रेक्षकांत हशा. औषधांमुळे त्याची बोटं बधिर झालीत, हे फक्त आम्हाला माहीत. तिसरी काडी त्याने सरळ समोरच्या नटीपुढे धरली, "तूच पेटव बाई." संहितेत नसलेलं वाक्य. टाळी पडली.

नंतर मेकअप रूमबाहेर ही रांग! केमोनंतर साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत पांढऱ्या पेशी पार खाली जातात, तेव्हा कुणाची साधी सर्दीही महागात पडते. आणि लोक गळ्यात हात टाकून सेल्फी काढतायत. एक काका त्याचे दोन्ही हात धरून म्हणाले, "खरे रंगकर्मी तुम्ही! प्रयोग थांबता कामा नये." मग रुमाल काढून शिंकले.

हे कौतुक मला आता सहन होत नाही.

फ्रेंच नाटककार आणि नट मोलिएर रंगमंचावरच वारला, असं आपण सर्रास सांगतो. १७ फेब्रुवारी १६७३ला काल्पनिक रोग्याची भूमिका करताना त्याला खरी उबळ आली. तशातच त्याने प्रयोग पुरा केला आणि त्याच रात्री घरी प्राण सोडला. पण त्या दिवशी तो थांबला का नाही? रोजावरच्या पन्नास माणसांचं काय होईल, असं म्हणाला म्हणे. म्हणजे तिथेही प्रश्न पोटाचाच. आमच्याकडेही प्रयोग नाही तर नाइट, म्हणजे प्रयोगाचे पैसे, नाहीत, नटालाही आणि बॅकस्टेजच्या पोरांनाही. त्याला आपण निष्ठा म्हणतो.

"घरी बस" असंही मी त्याला सांगणार नाही. त्याला उभं राहायचंय, तो त्याचा निर्णय. पण नको वाटेल त्या दिवशी नाही म्हणता यावं की नाही? त्यासाठी रिप्लेसमेंट आधीपासून तयार हवी, आजारपण आल्यावर धावाधाव नको.

आमच्या निर्मात्याने उशिरा का होईना, ते केलं. पुढचे दोन प्रयोग एक नवा मुलगा करतोय, मित्राची अर्धी नाइट चालू आहे. काल तालमीला हा मास्क लावून कोपऱ्यात बसला होता. मुलाने पहिल्याच काडीत मेणबत्ती पेटवली.

"थांब," हा म्हणाला. "पहिली मोडायची, दुसरी पाडायची. तिथे हशा आहे."