परदेशातून : भार चढतो तो नोव्हेंबरात

४ ऑगस्ट २०२५ ला इंग्लंडविरुद्धच्या मालिकेतली पाचवी, ओव्हलची कसोटी भारताने ६ धावांनी जिंकली आणि घरच्या क्रिकेटवेड्यांत एक वाद पेटला, तो अजून धुमसतो आहे. महंमद सिराज पाचही कसोट्या खेळला, १८५.३ षटकं टाकली, २३ बळी घेतले. जसप्रीत बुमरा आधी ठरल्याप्रमाणे तीनच खेळला. ‘वर्कलोड’ हा शब्दच भारतीय क्रिकेटमधून हद्दपार व्हावा, असं सुनील गावसकर बोलले आणि त्यांनी सीमेवरच्या जवानांचा दाखला दिला. लगेच दोन तट पडले. एक म्हणतो, हे सगळे लाड आहेत. दुसरा म्हणतो, बुमराला जपा, कमी खेळवा.

मेलबर्नमधून हा वाद ऐकताना जाणवतं की दोन्ही तटांचा समज एकच आहे: भार सांभाळणं म्हणजे कमी खेळणं. इथल्या फुटी क्लबांत, म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलच्या क्लबांत, अर्थ वेगळा आहे. भार ही आठवड्याआठवड्याने चढवत न्यायची गोष्ट आहे, आणि विश्रांती त्या चढणीतला एक टप्पा.

हा खेळ शरीराला फार महागात पडतो. क्रिकेटच्याच लंबगोल मैदानावर एका बाजूचे १८ खेळाडू. २० मिनिटांचे चार डाव, पण थांबलेला वेळ धरला की प्रत्येक डाव अर्ध्या तासाच्या घरात जातो. मधल्या फळीतला खेळाडू एका सामन्यात १२ ते १५ किलोमीटर पळतो, आणि त्यातच उड्या, धडका, पूर्ण वेगात वाकून जमिनीवरचा चेंडू उचलणं. मार्चपासून सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारपर्यंत जवळजवळ दर आठवड्याला हे चालतं. त्याची तयारी नोव्हेंबरात सुरू होते. आधी तरुण पोरं परततात, मग जुनी मंडळी.

पहिल्याच दिवसांत २ किलोमीटरची शर्यत असते. चांगले धावणारे सहा मिनिटांच्या आसपास येतात. आपल्याकडेही २०२१ मध्ये बीसीसीआयने हीच २ किलोमीटरची धाव आणली: वेगवान गोलंदाजांना ८ मिनिटं १५ सेकंद, फलंदाज, यष्टिरक्षक आणि फिरकीपटूंना ८ मिनिटं ३० सेकंद. पुढे २०२५ मध्ये ब्राँको चाचणी आली. २०, ४० आणि ६० मीटरच्या जाऊन-येऊन फेऱ्या, पाच वेळा, एकूण १२०० मीटर. चाचण्यांत काही वावगं नाही. फरक चाचणीच्या जागेत आहे. इथे ती तयारीचा पहिला दिवस असते, सुट्टीत कोण किती घसरला ते कळावं म्हणून. पुढचे सोळा आठवडे हातात असतात. आपल्याकडे ती संघाच्या दारावरचा पहारेकरी होऊन बसते. आणि दोन किलोमीटर झकास पळणाऱ्याचा मांडीमागचा स्नायू पूर्ण वेगाला तयार असेलच असं नाही.

या सोळा आठवड्यांत नाताळपर्यंत पळण्याचं अंतर वाढवतात, जानेवारीत वेग आणि अंगावरची झुंज येते, फेब्रुवारीत सामन्यासारखा खेळ. पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, जाळीच्या बनियनमध्ये जीपीएसचं छोटं यंत्र. कॅटापल्ट ही त्यातली नावाजलेली कंपनी २००६ मध्ये मेलबर्नमध्येच उभी राहिली. एकूण अंतर, जोराच्या धावेचं अंतर, थांबणं-सुटणं असं सगळं मोजलं जातं. चालू आठवड्याचा भार गेल्या चार आठवड्यांच्या सरासरीशी ताडून पाहायची पद्धत इथे रुळली. ०.८ ते १.३ पट ठीक, दीडपटीच्या वर धोका, असा ढोबळ आडाखा. त्यामागच्या गणितावर संशोधकांनी पुढे बरीच टीका केली आणि ती रास्त आहे. पण मूळ मुद्दा टिकतो: झेपलं नसेल इतकं एकदम अंगावर टाकलं की काहीतरी तुटतं.

हेच आपल्या कॅलेंडरला लावून पाहा. २०२५ ची आयपीएल ३ जूनला संपली, इंग्लंडमधली पहिली, लीड्सची कसोटी २० जूनला सुरू झाली. मध्ये १७ दिवस. आयपीएलमध्ये एका सामन्यात गोलंदाजाच्या वाट्याला फार तर २४ चेंडू. लीड्सच्या पहिल्याच डावात बुमराने २४.४ षटकं टाकली, म्हणजे १४८ चेंडू. पाठीच्या कण्याचं हाड स्नायूपेक्षा फार सावकाश घट्ट होतं, १७ दिवसांत तर नाहीच. ऑस्ट्रेलियाचा वेगवान गोलंदाज पॅट कमिन्स याने १८ व्या वर्षी, २०११ मध्ये जोहान्सबर्गला कसोटी पदार्पण केलं आणि त्याची पुढची कसोटी मार्च २०१७ मध्ये रांचीला झाली. मधली वर्षं मुख्यतः पाठीने खाल्ली. लीड्सच्या आधी गोलंदाजी चढवायला आठवडे नव्हते, म्हणून मग पाचांतल्या तीनच कसोट्या, असा हिशेब करावा लागतो. वाद घालायचा तर त्या नसलेल्या आठवड्यांवर घाला.

आता हॅमस्ट्रिंग, म्हणजे हाच मांडीमागचा स्नायू. तो फाटणं ही फुटीतली सर्वांत नेहमीची दुखापत. दर मोसमात एका क्लबात साधारण पाच-सहा. जोरात पळताना पाय पुढे झेपावतो आणि जमिनीवर टेकण्याच्या जरा आधी पोटरीला मागून आवर घालायचं काम हा स्नायू करतो. तो लांब होत असतो आणि त्याच क्षणी ताकदही लावत असतो, तिथेच फाटतो. म्हणून त्याला लांब होता होता ताकद लावायला शिकवावं लागतं.

त्यासाठीचा नॉर्डिक व्यायाम सांगायला सोपा आहे. गुडघे गादीवर, घोटे मागून पक्के धरलेले, आणि गुडघ्यापासून डोक्यापर्यंत अंग एका रेषेत ठेवून हळूहळू पुढे झुकायचं. तोल सुटेपर्यंत मांडीमागच्या जोरावर स्वतःला धरून ठेवायचं, मग हातांवर उतरायचं. क्लबांत घोट्यांच्या कड्यांना मापक असतात, दोन्ही पायांचा जोर वेगवेगळा दिसतो. २०१५ मध्ये छापून आलेल्या फुटी खेळाडूंच्या एका अभ्यासात तयारीच्या सुरुवातीला ज्यांचा जोर २५६ न्यूटनच्या खाली होता त्यांना दुखापतीचा धोका २.७ पट दिसला. यंत्र नसेल तर जोडीदाराने घोटे धरले तरी चालतं. पहिल्या आठवड्यात एकदाच, ५ चे दोन संच. दुसऱ्या आठवड्यात दोन दिवस, ६ चे दोन. मग वाढवत ८-१० चे तीन. चुका ठरलेल्या: कंबरेत वाकणं, आणि शेवटच्या टप्प्यात सरळ कोसळणं. नवख्याचे पाय दोन दिवस ठणकतात, म्हणून सामन्याच्या आदल्या दिवशी हा घ्यायचा नाही. पहिल्याच दिवशी तीस-चाळीस वेळा करवून घेणारा प्रशिक्षक पोरांच्या मनातून हा व्यायाम कायमचा उतरवतो.

आणि फाटलाच, तर? एमआरआयमध्ये आधी बघतात की आतल्या कंडऱ्याला धक्का आहे का. नसेल तर तीनेक आठवडे, असेल तर दुप्पट किंवा जास्त. दुखणं न वाढता चालता आलं की हलकं पळणं सुरू, एकाआड एक दिवस. पूर्ण वेगाच्या ६० टक्के, मग ७०, मग ८०. इथवर सगळ्यांचं भराभर होतं. खरी कसोटी ८० ते १०० च्या मध्ये आहे, आणि घाई नेमकी तिथेच होते, कारण दुखायचं केव्हाच थांबलेलं असतं. म्हणून ९० टक्क्यांच्या वरच्या धावा वेगवेगळ्या दिवशी काही वेळा झाल्याशिवाय, धावता धावता वाकून चेंडू उचलल्याशिवाय, लांब किक मारल्याशिवाय आणि संघाबरोबर पुरा सराव केल्याशिवाय नाव यादीत येत नाही. दुखत नाही आणि बरा झाला, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

इथलं सगळंच अनुकरणीय नाही. २०१२ च्या मोसमाच्या तयारीत एसेंडन क्लबात खेळाडूंना विज्ञानाच्या नावाखाली इंजेक्शनं देण्यात आली आणि जानेवारी २०१६ मध्ये क्रीडा लवादाने ती प्रतिबंधित द्रव्याची ठरवून ३४ आजी-माजी खेळाडूंवर बंदी घातली. ज्यांच्या अंगात सुई गेली त्यांनाही शिक्षा भोगावी लागली. पांढऱ्या कोटावर डोळे मिटून विश्वास ठेवायचा नाही, हे इथल्या चाहत्यांना तेव्हापासून पक्कं ठाऊक आहे.

तरी एक गोष्ट घरी जरूर न्यावी: दर आठवड्याची जाहीर दुखापत-यादी. प्रत्येक क्लब, प्रत्येक जायबंदी खेळाडू, काय दुखावलं, किती आठवडे. डोक्याला मार लागून कन्कशन, म्हणजे मेंदूला हादरा, ठरलं तर किमान १२ दिवस बाहेर. तिथे खेळाडूच्या जिद्दीला कुणी विचारत नाही. १९९२ पासून फुटीची लीग वर्षभराच्या दुखापतींची पाहणी करत आली आहे. आपल्याकडे खेळाडू बीसीसीआयच्या बंगळुरूच्या केंद्रात जातो आणि पुढे ‘सूत्रां’कडून कळतं. माहिती नसली की मग देशप्रेमावर शंका घेणं सोपं होतं.

मात्र मला सर्वांत जास्त काळजी कबड्डीची वाटते. चढाई करणाऱ्याचा गुडघा वळताना जातो तेव्हा फाटतो तो बहुधा एसीएल, गुडघ्याला आतून धरून ठेवणारा अस्थिबंध. मालिश, पट्टा, दोन महिने आराम, सूज उतरते, सरळ पळता येतं, आणि पुढच्याच स्पर्धेत वळताना गुडघा पुन्हा निसटतो. या वेळी कूर्चाही सोबत जाते. फुटीत शस्त्रक्रियेनंतर साधारण वर्ष धरतात. नऊ महिन्यांच्या आत परतणाऱ्याला पुन्हा दुखापत होण्याचा धोका बराच जास्त असतो. सगळं नीट करूनही कधी दैव आडवं येतं. सिडनीचा अ‍ॅलेक्स जॉन्सन २०१२ चं विजेतेपद जिंकून डाव्या गुडघ्याचा एसीएल पाच वेळा नव्याने बांधून घेतल्यावर २०१८ मध्ये परतला आणि दुसऱ्याच सामन्यात त्याचा उजवा गुडघा गेला.

गावच्या संघाकडे जीपीएस नाही, एमआरआय तालुक्यात नाही. पण टेप आहे. एका पायावर उभं राहून पुढे उडी, त्याच पायावर उतरून दोन सेकंद स्थिर; मग सलग तीन उड्या. दोन्ही पायांचं अंतर मोजायचं. दुखऱ्या पायाची उडी चांगल्या पायाच्या ९० टक्क्यांच्या खाली असेल तर मॅटवर पाय ठेवायचा नाही. यातही एक मेख आहे: सहा महिने बसून चांगला पायही अशक्त होतो, मग दोन्ही पाय सारखेच कमजोर आणि आकडा मात्र चांगला दिसतो. म्हणून हे माप सराव सुरू होतो त्या पहिल्या आठवड्यात, सगळ्यांचे गुडघे धड असताना, संघातल्या प्रत्येकाचं घेऊन वहीत तारखेसह लिहून ठेवायचं.