“गोळी फुकट आहे, मग मन कशाला तपासायचं?” : फिरत्या मेसेजला एका समुपदेशिकेचं उत्तर

गेले काही दिवस एक मेसेज फिरतोय. माझ्याकडे तो तीन ग्रुपांवरून आला: माहेरच्या माणसांच्या, देवस्थानच्या महिला मंडळाच्या आणि जुन्या सहकाऱ्यांच्या. चौथ्यांदा तो ज्याने पाठवला त्याच्यासारख्यांबद्दलच तो लिहिलेला आहे. डिचोली तालुक्यातला एक ट्रकचालक, बरीच वर्षं एचआयव्हीची औषधं घेणारा. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) मेसेजखाली त्याने एकच ओळ लिहिली होती: “मॅडम, आमचं बंद होतलं काय?”

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. एचआयव्हीची गोळी सरकार फुकट देतं, ती घेणं ज्याच्या त्याच्या हातात. दारुड्याने आधी दारू सोडावी, मग औषध मागावं. जे ऐकत नाहीत त्यांना आत ठेवावं. रुग्णांचं नैराश्य आणि व्यसन यांचे उपचार एचआयव्ही केंद्रातच द्यायचे कसे, यावरचं ‘संशोधन’ म्हणजे गप्पांसाठी पैसे उधळणं. तो पैसा परदेशातून यायचा, आता आटला ते बरंच झालं. आणि गोव्यात असे रुग्ण उरलेत तरी किती?

मी उत्तर गोव्यात अनेक वर्षं एचआयव्ही समुपदेशक म्हणून काम केलं. हा मेसेज पुढे ढकलणारी माणसं वाईट नाहीत, माझ्याच घरातली आहेत. म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहिते.

“गोळी फुकट आहे, घ्यायची एवढंच.”

गोळी फुकट आहे हे खरं. १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत ही औषधं मोफत मिळू लागली. २०१७ पासून एचआयव्ही सापडला की लगेच उपचार सुरू करायचे, असं धोरण आहे. पण हे धोरण आलं कुठून? २०११ मध्ये नऊ देशांतल्या १,७६३ जोडप्यांवरच्या एका मोठ्या अभ्यासाने दाखवलं की जोडीदारांपैकी बाधित व्यक्तीला औषध लवकर सुरू केलं, तर दुसऱ्याला लागण होण्याचा धोका ९६ टक्क्यांनी कमी होतो. त्यात पुण्याची आणि चेन्नईची जोडपी होती आणि पैसा मुख्यतः अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचा होता. ज्या फुकट गोळीचा दाखला देऊन मेसेज संशोधनाला नावं ठेवतो, ती आज प्रत्येकाला पहिल्या दिवसापासून मिळते त्यामागे संशोधनच आहे.

शिवाय ही गोळी तापाच्या गोळीसारखी पाच दिवसांची नाही. रोज, जन्मभर घ्यायची. मधेमधे चुकली की विषाणू पुन्हा वाढतो आणि औषधाला दाद न देणारा होऊ शकतो, मग दुसऱ्या फळीची औषधं लागतात. ज्याला सकाळी अंथरुणातून उठावंसं वाटत नाही, जगून काय करू असं ज्याला वाटतं, त्याला “रोज न चुकता घे” असं सांगणं म्हणजे पाय मोडलेल्याला जिना दाखवण्यासारखं आहे. एचआयव्ही असलेल्यांमध्ये नैराश्याचं प्रमाण इतरांपेक्षा बरंच जास्त असतं, हे जगभरच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. शरीरात विषाणू आणि मनात “घरी कळलं तर?” ही भीती, दोन्ही एकाच माणसाला असतात. केंद्र मात्र त्यातलं एकच तपासतं.

“आधी दारू सोड, मग औषध.”

मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हेच, कारण ते रुग्णांनाही खरं वाटतं. एके काळी माझ्याही तोंडून असंच काहीसं गेलं होतं.

२०१८ च्या मार्चमध्ये गोव्यातल्या खनिजाच्या खाणी दुसऱ्यांदा बंद पडल्या. या ट्रकचालकाचा खनिजाचा ट्रक दारात उभा, बँकेचे हप्ते चालू, मुलगी बारावीत. संध्याकाळ झाली की तो तिठ्यावरच्या बारमध्ये जाऊन बसायचा. महिन्याच्या तपासणीला आला तेव्हा नेहमीप्रमाणे मी त्याची बाटली टेबलावर उपडी केली. तीस गोळ्यांच्या बाटलीतून तेरा घरंगळल्या. एक टेबलाखाली गेली. ती त्याने वाकून उचलली, शर्टाला पुसली, परत बाटलीत टाकली आणि म्हणाला, “फुकट घालवायची नाही.”

मी विचारलं, “मग घेतल्या का नाहीत?”

त्याला माझ्या प्रश्नाचं आश्चर्य वाटलं. “तुम्हीच सांगितलेलं ना, दारू आणि गोळी एकत्र नको? ज्या दिवशी घेतो त्या दिवशी गोळी घेत नाही.”

तेरा दिवस तो माझं ऐकत होता.

त्या काळच्या रात्रीच्या गोळीत एफाव्हिरेन्झ नावाचं औषध असायचं. त्याने चक्कर येई, भलभलती स्वप्नं पडत, काहींचं मन खचायचं. त्यावर दारू पोटात गेली की झोकांड्या जायच्या. म्हणून आम्ही “एकत्र नको” म्हणायचो. म्हणायचं होतं दारू नको. त्याने ऐकलं, गोळी नको. हा काही एकट्याचा घोटाळा नव्हता. दारू प्यायल्यावर औषध विष होतं या समजुतीने गोळी टाळणारे रुग्ण अनेक देशांतल्या संशोधकांना भेटले आहेत. म्हणूनच आता आधी सांगायची गोष्ट उलटी आहे: प्यायलात तरी गोळी चुकवू नका. दारूने यकृताचं, झोपेचं, घराचं नुकसान होतं, त्याबद्दल बोलूच, पण गोळी तोवर थांबणार नाही. “आधी दारू सोड” म्हणणारा रुग्णाच्या हातातली एकमेव चालू असलेली गोष्ट बंद पाडतो.

आणि याचं नुकसान त्याच्या एकट्याचं नाही. रक्तातला विषाणू औषधाने इतका दबला की तपासणीत सापडत नाही, तर शरीरसंबंधातून तो जोडीदाराला होत नाही. २०१६ आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘पार्टनर’ नावाच्या अभ्यासांत शेकडो जोडप्यांमध्ये अशी एकही लागण आढळली नाही. त्या तेरा गोळ्यांत त्याची बायकोही होती.

“ऐकत नाहीत त्यांना आत ठेवा.”

हे गोव्याने करून पाहिलंय. १९८९ मध्ये डॉमनिक डिसोझा या नियमित रक्तदान करणाऱ्या तरुणाला एचआयव्ही आहे म्हणून पोलिसांनी उचललं आणि म्हापशात क्षयरोग्यांच्या जुन्या इस्पितळात ६४ दिवस पहाऱ्यात ठेवलं. तेव्हाच्या गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात तशी तरतूदच होती. त्याच्या आईने उच्च न्यायालयात दाद मागितली. सुटल्यावर त्याने बाधितांसाठी संस्था काढली आणि १९९२ मध्ये तो गेला. अशा बातमीनंतर तपासायला कोण येणार? लोक लपतात, आणि लपलेल्या माणसाला औषध पोचत नाही. २०१८ पासून लागू असलेल्या केंद्राच्या एचआयव्ही कायद्याने संमतीशिवाय तपासणी आणि उपचार दोन्ही बंद केले. हा मुद्दा इथेच संपतो.

“समुपदेशन म्हणजे गप्पा, त्यावर कसलं संशोधन?”

याचं उत्तर परदेशात शोधायला नको. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत ते पडून आहे. गोव्यातल्या ‘संगाथ’ संस्थेने १० आरोग्य केंद्रांत दोन चाचण्या केल्या, त्यांचे निष्कर्ष २०१६ च्या अखेरीस ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. समुपदेशक होते मानसोपचाराचं कोणतंही आधीचं शिक्षण नसलेले स्थानिक लोक. त्यांना प्रशिक्षण दिलं आणि कामावर देखरेख ठेवली. तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांपैकी निम्म्यांना नेहमीच्या सेवेसोबत सहा ते आठ बैठका मिळाल्या. तीन महिन्यांनी त्यांच्यातले ६४ टक्के नैराश्याच्या रेषेखाली आले, नुसती नेहमीची सेवा मिळालेल्यांत ३९ टक्के. आरोग्याला अपाय होईल इतकं पिणाऱ्या ३७७ पुरुषांसाठी जास्तीत जास्त चार बैठका होत्या. त्यात पिणं धोक्याच्या रेषेखाली आलेले अनुक्रमे ३६ आणि २६ टक्के. दुसरा फरक लहान वाटेल. पण ज्या राज्यात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) साधारण ३७ टक्के पुरुष दारू पितात, तिथे चार बैठकांत शंभरातले दहा जास्त सावरत असतील तर मी त्याला गप्पा म्हणणार नाही.

संशोधनाचा दुसरा उपयोग म्हणजे कुठे चालत नाही ते कळणं. याच संस्थेच्या आधीच्या, २०१० च्या चाचणीत अशाच पद्धतीने सरकारी केंद्रांत रुग्ण सुधारले, खासगी दवाखान्यांत मात्र तसा फरक दिसला नाही. तसंच नशेची इंजेक्शनं घेणारे आणि समलिंगी पुरुष यांच्यासाठी ‘सगळ्या सेवा एका छपराखाली’ देणारी केंद्रं भारतातल्या २२ ठिकाणच्या अभ्यासात तपासली गेली. जे त्या केंद्रांत आले त्यांचा फायदा झाला, पण एकूण समाजात तपासणीचं प्रमाण ठामपणे वाढल्याचं दिसलं नाही. म्हणजे फलक लावून भागत नाही, माणूस दारापर्यंत यायला हवा. “जोडून टाका, त्यात अभ्यास कसला” म्हणणाऱ्या माझ्याच बाजूच्या मंडळींनाही हे सांगायला हवं.

माणूस दारापर्यंत आणला तर काय होतं? इंडोनेशिया, युक्रेन आणि व्हिएतनाममध्ये नशेची इंजेक्शनं घेणाऱ्या ५०२ बाधितांवरचा अभ्यास २०१८ मध्ये आला. काही जणांना एक सोबती दिला: केंद्रात नेणारा, अडचण सोडवणारा, आणि जोडीला समुपदेशन. वर्षभराने त्या गटात एचआयव्हीचं औषध घेणारे ७२ टक्के होते, दुसऱ्या गटात ४३. विषाणू दबलेले ४१ टक्के विरुद्ध २४. मृत्यूचं प्रमाण निम्म्याहून कमी. नवीन औषध एकही नव्हतं.

आता गोव्यापुरतं जे अजून शोधायचं आहे ते. वर सांगितलेल्या गोव्यातल्या चाचण्या सर्वसाधारण रुग्णांवर होत्या, एचआयव्ही केंद्रातल्या नव्हे. दारूच्या चाचणीत पूर्ण व्यसनाधीन झालेले पुरुष घेतलेच नव्हते. मग त्या चार बैठका औषध केंद्रातल्या समुपदेशकाला जमतील का, बाहेर रांग लागलेली असताना? पूर्ण आहारी गेलेल्याला कुठे पाठवायचं? गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालय) आणि आयपीएचबी (सरकारी मनोरुग्णालय) दोन्ही बांबोळीच्याच पठारावर, पण एचआयव्हीच्या रुग्णाच्या हातात मनोरुग्णालयाची चिठ्ठी दिली की तो एका कलंकावर दुसरा घ्यायला जाईलच असं नाही. किती चिठ्ठ्या खिशातच विरतात ते मी पाहिलंय. त्यापेक्षा आठवड्यातून एक दिवस मानसोपचारतज्ज्ञ औषध केंद्रात येऊन बसला तर? मला वाटतं फरक पडेल. पण माझ्या वाटण्यावर राज्याने खर्च करू नये. मोजून पाहायला हवं, आणि मोजायला पैसे लागतात.

“परदेशी पैसा आटला ते बरं झालं.”

दोन गोष्टींची इथे सरमिसळ झाली आहे. रुग्णाच्या हातात पडणारी गोळी केंद्र सरकारच्या पैशाची आहे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या पाचव्या टप्प्यासाठी, २०२१ ते २०२६, केंद्राने १५,४७१.९४ कोटी रुपये मंजूर केले. परदेशी अनुदानांची घालमेल झाली म्हणून ती गोळी बंद झाली, असं नाही. ट्रकवाल्या माणसाला मी पहिलं उत्तर हेच पाठवलं.

आटतोय तो संशोधनाचा पैसा. गोव्यातल्या त्या चाचण्या ब्रिटनच्या वेलकम ट्रस्टच्या मदतीने झाल्या. २०२५ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने परदेशी संस्थांना उप-अनुदान देण्याची जुनी पद्धत थांबवली. दुसऱ्याच्या विहिरीवर शेत किती दिवस भिजवायचं, हा प्रश्न रास्त आहे. पण त्याचं उत्तर आपली विहीर खोदणं हे आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, राज्याचं आरोग्य खातं, आणि दारूवरच्या अबकारी कराने भरणारी राज्याची तिजोरी यांनी हा भार उचलावा, अशी माझी उघड मागणी आहे. ज्या बाटलीचा कर मिळतो, तिच्यातून झालेल्या नुकसानीचा अभ्यास त्या करातून का होऊ नये?

“गोव्यात रुग्ण उरलेत किती?”

२०२३ च्या अंदाजानुसार देशात २५ लाख ४४ हजार लोक एचआयव्हीसह जगत आहेत. गोवा लहान आहे, त्यामुळे आपला वाटा लहानच असणार. पण २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दारूच्या व्यसनाच्या सुमारे ८६ टक्के रुग्णांना उपचारच मिळत नसल्याचं दिसलं, आणि ते सर्वेक्षण ज्या १२ राज्यांत झालं त्यांत गोवा नव्हता. मोजलंच नाही, तर “उरलेत किती” हे कोणी कशाच्या जोरावर म्हणावं?

त्या माणसाला दुसरं उत्तर पाठवायच्या आधी मी त्याला विचारलं, गोळी कधी घेता? डोल्युटेग्राविरची नवी गोळी आल्यापासून रात्रीची सक्ती गेली. तेव्हा आम्ही दोघांनी बसून वेळ बदलली होती: सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजला की पावाआधी गोळी. त्याचं उत्तर लगेच आलं. शनिवारी अजून दारू घेतो मॅडम, खोटं सांगत नाही. पण पोदेर रविवारीही येतो. खाली त्याने मागच्या तपासणीच्या कागदाचा फोटो जोडला होता, थोडा हललेला. विषाणू आढळला नाही, असं त्यावर लिहिलं होतं.