अमेरिकन स्वातंत्र्ययुद्ध आणि ‘त्या काळाची माणसे’

अमेरिकेच्या संस्थापकांनी बाळगलेल्या गुलामांचा विषय निघाला की ‘ती त्या काळाची माणसे होती, त्यांना आजचे निकष लावू नयेत’ असे समर्थन हमखास केले जाते. मला ते मान्य नाही, कारण या नेत्यांच्या विचारांतील विसंगती त्यांच्याच काळातील, त्यांच्याच वसाहतींमधील माणसांनी स्पष्ट शब्दांत दाखवून दिली होती.

१७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात सर्व माणसे समान असल्याचे लिहिणाऱ्या थॉमस जेफरसन यांनी आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसे गुलाम म्हणून बाळगली. पुढच्याच जानेवारीत प्रिन्स हॉल आणि इतर कृष्णवर्णीयांनी मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाकडे गुलामांच्या मुक्ततेसाठी अर्ज केला, आणि ज्या तत्त्वांसाठी तुम्ही ब्रिटनशी भांडत आहात, तीच तत्त्वे आमची बाजू मांडतात, असे त्यात बजावले. त्याच राज्यात बेट नावाची एक गुलाम स्त्री होती. सर्व माणसे जन्मतः मुक्त आणि समान आहेत, असे सांगणारी राज्यघटना तेथे १७८० मध्ये लागू झाली, तेव्हा या वाक्याचा सरळ अर्थ घेऊन ती वकील थिओडोर सेजविक यांच्याकडे गेली. १७८१ मध्ये ज्यूरीने तिला मुक्त ठरवले आणि पुढे तिने एलिझाबेथ फ्रीमन हे नाव घेतले. जे तिला कळले, ते संघराज्याची घटना लिहिण्यासाठी फिलाडेल्फियात जमलेल्या विद्वानांना कळत नव्हते, हे मी कसे मानावे? तरीही १७८७ च्या त्या घटनेत प्रतिनिधित्वासाठी गुलामांची गणना तीन-पंचमांश, म्हणजे पाच गुलामांमागे तीन माणसे, अशी धरली गेली, आणि गुलामांच्या आयातीवर १८०८ पर्यंत बंदी घालण्यास काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, मनाई करण्यात आली.

जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केली, ती गुलामांना दास्यमुक्त करण्याच्या त्यांच्या कार्याबद्दल. ब्रिटिशांपासून मिळवलेल्या स्वातंत्र्याचा गौरव करणे त्यांना सहज शक्य होते. त्यांनी नेमके काय निवडले, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

स्त्रियांच्या बाबतीत तर काळाची सबब मुळीच टिकत नाही. न्यू जर्सीच्या १७७६ च्या घटनेने पन्नास पौंडांची मालमत्ता असलेल्या सर्व प्रौढ रहिवाशांना मताधिकार दिला होता, त्यामुळे अविवाहित आणि विधवा स्त्रिया, तसेच मुक्त कृष्णवर्णीय तेथे प्रत्यक्ष मतदान करीत होते. १८०७ मध्ये त्याच राज्याच्या विधिमंडळाने कायदा करून हा हक्क केवळ गोऱ्या करदात्या पुरुषांपुरता ठेवला. तीन दशके वापरात असलेला हक्क त्या काळाला सुचलाच नव्हता, असे म्हणता येत नाही. तो विचारपूर्वक काढून घेतला गेला.